आफ्रिकेचा बोलपट आणि सोलापूरचा प्रेक्षक

एखाद्या शहराने आफ्रिकेच्या आणि जगभर पांगलेल्या आफ्रिकी वंशजांच्या चित्रपटांचा महोत्सव भरवावा, यात आता नवल राहिलेले नाही. बुर्किना फासोच्या राजधानीत, वागादुगूला, असा मेळा १९६९ साली सुरू झाला. न्यूयॉर्कमध्ये १९९३ साली. उद्या तो सोलापुरात भरला तर? हा प्रश्न मी थट्टेने विचारीत नाही. चित्रपट कोणासाठी काढायचा, हा टीकेतला जुना प्रश्न त्याच्या पोटात दडलेला आहे.

आफ्रिकेने आपले चित्रपट पाहिले आहेत. मेहबूबचा ‘मदर इंडिया’ (१९५७) उत्तर नायजेरियातील हौसा प्रेक्षक वर्षानुवर्षे पाहत आले. भाषा कळत नसताना राधेचे दुःख त्यांनी आपले मानले. आपल्या चित्रपटगृहांत मात्र त्यांचे चित्रपट जवळजवळ लागलेच नाहीत. देवघेवीचा हा हिशेब एकतर्फी आहे. वास्तविक पांगलेली आफ्रिका शोधण्यासाठी आपल्याला समुद्र ओलांडण्याचेही कारण नाही. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा कारभार हाकून १६२६ साली याच दख्खनच्या मातीत विसावला.

सेनेगलचा उस्मान सेम्बेन (१९२३-२००७) मार्सेयच्या गोदीत राबला आणि फ्रेंच भाषेत कादंबऱ्या लिहून नावाजला. परंतु ज्यांच्याविषयी तो लिहीत होता त्यांना फ्रेंच वाचता येत नव्हते. हे शल्य घेऊनच तो चाळिशीच्या उंबरठ्यावर मॉस्कोला चित्रपटविद्या शिकायला गेला. ‘मांदाबी’ (१९६८) हा त्याचा चित्रपट वोलोफ भाषेत बोलतो. पॅरिसमध्ये रस्ते झाडणारा भाचा मामाला मनिऑर्डर पाठवतो. ती वटवायला ओळखपत्र हवे, ओळखपत्राला जन्माचा दाखला हवा, दाखल्याला जन्मतारीख हवी. आणि इब्राहिमा डिएंगला ती ठाऊक नाही. कागदाच्या या चरकातून पिळून निघता निघता अखेर एक शिकलासवरलेला नातलगच सारी रक्कम गिळतो. तहसील कचेरीच्या पायऱ्या झिजवलेल्या आपल्याकडच्या माणसाला हा विनोद समजावून सांगावा लागणार नाही.

तरीही मला ‘मांदाबी’चा शेवट उणा वाटतो. देश आपण बदलू, असे पोस्टमन बोलून दाखवतो, आणि चित्राने कमावलेले शब्दांनी खर्च होते. त्यापेक्षा दोन वर्षे आधीचा ‘ला नुआर द...’ (१९६६) कलादृष्ट्या थोर आहे. फ्रेंच कुटुंबात मोलकरीण म्हणून गेलेली दिवाना तिथे आत्महत्या करते. तिने मालकांना दिलेला मुखवटा आणि तिचा पगार घेऊन मालक डाकारला येतो. आई पैसे नाकारते. एक लहान मुलगा तो मुखवटा तोंडाला लावून परतणाऱ्या मालकाच्या मागोमाग चालत राहतो. तो बोलत नाही, दगडही उचलत नाही. तरी मालकाची पावले घाईने पडू लागतात.

इथे आपल्याच जिल्ह्यातील, करमाळा तालुक्यातील जेऊरच्या नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ (२०१३) आठवल्याशिवाय राहत नाही. तिथे जब्या दगड भिरकावतो, आणि तो प्रेक्षकाच्याच अंगावर येतो. दोन्ही शेवटांत पाहणाऱ्यालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले आहे. फरक असा की, सेम्बेनच्या मुलाला आपला मालक परका आहे हे ठाऊक आहे. जब्याचे मालक त्याच्याच गावचे, त्याच्याच वर्गातले. म्हणून मला मंजुळ्यांचा शेवट अधिक जिव्हारी लागणारा वाटतो. आणखी एक साम्य भाषेचे. ‘फँड्री’ हा शब्द कैकाडी बोलीतला आहे. त्याचा अर्थ डुक्कर, हे मराठी प्रेक्षकाला विचारून घ्यावे लागले. ज्याची भाषा कोणी ऐकत नव्हते त्याने ती पडद्यावर ऐकवली, हे डाकारमध्ये आणि करमाळ्यात एकाच कारणाने घडले.

महोत्सवाकडे वळायचे तर, ‘आफ्रिकी’ या एका पाटीखाली सारे खंड लोटणे मला मान्य नाही. वोलोफ आणि अम्हारिक यांत जे अंतर आहे ते पुसून टाकणारा गौरव हा आळसाचाच एक प्रकार होय. चित्रे निवडावीत ती आपल्या दुखण्याशी ताडून. १९३० साली लष्करी कायदा भोगलेल्या आणि १९३१ साली चार हुतात्मे दिलेल्या या शहराला ‘कां द तियारोय’ (१९८८) परका वाटणार नाही. थकलेला पगार मागणाऱ्या आफ्रिकी सैनिकांवर फ्रेंच सैन्याने १९४४ साली चालवलेल्या गोळ्यांची ती कथा आहे.

आणि अक्षरे इंग्रजी नकोत. या शहराच्या गल्ल्यांत मराठी, तेलुगू, कानडी, उर्दू नांदतात. पडद्याखालच्या ओळीही त्यांतल्याच असाव्यात. एरवी चार इंग्रजी जाणणारे एकमेकांची पाठ थोपटून घरी जातील. महोत्सवाची कसोटी मी एकच मानतो: त्याच्या दारात इब्राहिमा डिएंग येऊन उभा राहिला, तर आत काय चालले आहे ते त्याला कळेल काय?