काचेचा कठडा आणि अडलेला वारा

मुंबईतली चार्ल्स कोरिया यांची 'कांचनजंगा' बघा, १९८३ची. समुद्र आणि वारा पश्चिमेला. पण ऊन-पावसाचा माराही तिकडूनच. म्हणून कोरियांनी घरं आत घेतली, कोपऱ्यांत दोन मजली उंचीच्या खोल गच्च्या ठेवल्या.

आता बाल्कनी उथळ, आणि तिला काचेचा कठडा. दृश्य छान दिसतं, मुलांना चढायला आडव्या पट्ट्या नसतात, हे मान्य. पण चाळीच्या कठड्याच्या गजांतून खुर्चीतल्या माणसाला वारा लागायचा, तो इथे अडतो. शिवाय नुसती टफन्ड काच फुटली, की तुकडे खाली रस्त्यावर. लॅमिनेटेड काचेत मधला थर ते धरून ठेवतो. तेव्हा काच हवीच असेल, तर लॅमिनेटेडच घ्या, आणि खाली वाऱ्यापुरती चार बोटं फट ठेवा.