उत्क्रांती आणि 'रिकाम्या जागा भरा'

माणूस पृथ्वीवरून नाहीसा होऊन पाच कोटी वर्षे लोटली आहेत. ऑस्ट्रेलिया सरकत सरकत आशियाला येऊन भिडला आहे, दोन्ही अमेरिका एकमेकींपासून तुटल्या आहेत आणि रानांतून हरणांऐवजी सशांचे वंशज हिंडत आहेत. हे चित्र आहे 'आफ्टर मॅन : अ झूलॉजी ऑफ द फ्यूचर' या १९८१ सालच्या पुस्तकातले. लेखक डुगल डिक्सन हे स्कॉटिश भूवैज्ञानिक. उत्क्रांतीचे नियम पाळून काल्पनिक प्राणी रचण्याचा जो छंद पुढे जगभर पसरला, त्याचे हे आद्य पुस्तक मानले जाते. उत्क्रांती शिकवताना ते वर्गात न्यावे का, या एकाच प्रश्नाच्या अंगाने आम्ही त्याचे परीक्षण करीत आहोत.

पुस्तकाच्या जमेच्या बाजू अनेक आहेत. डिक्सन सुरुवातीलाच आनुवंशिकता, नैसर्गिक निवड, अन्नसाखळ्या यांची ओळख करून देतात आणि मगच प्राण्यांकडे वळतात. पूर्वजांची निवडही विचारपूर्वक केलेली आहे. मोठे, थोडी पिल्ले देणारे, विशिष्ट अन्नावर अवलंबून असणारे प्राणी माणसाबरोबर संपले. उंदीर-सशांसारखे काहीही करून जगणारे तगले. उंदरांपासून लांडग्यासारखे शिकारी झाले हे सांगताना लेखक दातांचा विचार विसरत नाही. उंदराला सुळे नसतात, म्हणून कुरतडण्याच्या दातांनाच तो भोसकण्याचे काम देतो.

सशांबाबतची त्याची अटकळ तर आज अधिकच सयुक्तिक वाटते. ससे मोठे का होत नाहीत, या प्रश्नाचा सुसुमू तोमिया आणि लॉरेन मिलर यांनी २०२१ साली अभ्यास प्रसिद्ध केला. खूर असलेल्या प्राण्यांशी असणारी स्पर्धा सशांच्या आकाराला मर्यादा घालत असावी, असा त्यांचा निष्कर्ष आहे. म्हणजे हरणे गेली तर ससा मोठा होऊ शकेल, हे डिक्सन यांचे गृहीतक निराधार नव्हते.

पण मोठा होऊन तो हरणासारखाच का दिसावा? पुस्तकातील मुख्य दोष येथे आहे. डिक्सन अनेकदा निसर्गाकडे परीक्षेतल्या 'रिकाम्या जागा भरा' या प्रश्नासारखे पाहतात. हरणाची जागा रिकामी झाली, तेथे खुरांचा ससा बसवला. देवमाशाची झाली, तेथे पेंग्विन बसवला. प्रत्यक्ष निसर्गाची उत्तरपत्रिका वेगळी दिसते. ऑस्ट्रेलियात गवत खाण्याचे काम कांगारूने दोन पायांवर उड्या मारीत केले. न्यूझीलंडमध्ये झाडपाला खाणारा मोठा प्राणी होता मोआ, म्हणजे पंख नसलेला पक्षी. आणि भूमध्य समुद्रातल्या मिनोर्का बेटावर ससा खरोखरच मोठा झाला होता. त्याचे वर्णन २०११ साली प्रसिद्ध झाले. हरणासारखा चपळ होणे तर दूरच, शत्रू नसल्यामुळे तो उडी मारण्याची क्षमताही गमावून बसला होता.

देवमाशाची जागा घेणारा पेंग्विन, म्हणजे 'व्होर्टेक्स', या दोषाचे सर्वांत ठळक उदाहरण आहे. तो जमिनीवर येतच नाही, त्यामुळे अंडी घालणार कोठे? म्हणून डिक्सन त्याला पिल्ले द्यायला लावतात. सरडे व साप यांच्यात पिल्ले देण्याची पद्धत स्वतंत्रपणे शंभराहून अधिक वेळा उत्क्रांत झाली आहे. पक्ष्यांत मात्र, जिवंत असोत वा जीवाश्मरूपात सापडलेले असोत, एकही उदाहरण माहीत नाही. पेंग्विनांचा वंश सहा कोटी वर्षांचा आहे, त्यांच्यात दीडशे किलो वजनाचे प्राणीही होऊन गेले असावेत. तरी आजचा प्रत्येक पेंग्विन अंडी बाहेरच घालतो.

असे का असावे? थंड प्रदेशातल्या सरड्याने अंडी चार दिवस जास्त पोटात ठेवली, तर उन्हात बसून तो त्यांना ऊब देऊ शकतो. पहिल्याच पायरीवर फायदा आहे. पक्षी तर अंड्यांना बाहेरूनच ऊब देतो. एम्परर पेंग्विनाचा नर अंटार्क्टिकाच्या हिवाळ्यात दोन महिन्यांहून अधिक काळ अंडे पायांवर सांभाळतो. मग अंडे थोडे अधिक काळ पोटात ठेवून पदरात काय पडणार? शेवटची पायरी कितीही सोयीची असली, तरी पहिल्या पायरीवर लाभ नसेल तर नैसर्गिक निवड तिकडे वळत नाही. याचे उत्तर डिक्सन देत नाहीत.

याउलट पुस्तकातला सर्वांत भीतिदायक प्राणी शास्त्रीयदृष्ट्या अधिक पक्का आहे. 'नाइट स्टॉकर' हा एका दूरच्या बेटावरचा, उडणे सोडलेला शिकारी वटवाघूळ. तो पुढच्या पायांवर चालतो आणि मागचे पाय पुढे आणून भक्ष्य धरतो. चित्र पाहून हसू येते, पण वटवाघळाचे बळ पुढच्या अवयवांतच असते. न्यूझीलंडचे आखूड शेपटीचे वटवाघूळ आजही पंख मिटून जमिनीवर चालते. रक्त पिणारी वटवाघळे धावताना पुढच्या अवयवांनीच रेटा देतात, हे २००५ साली दाखवले गेले. येथे लेखकाने आधी पूर्वजाचे शरीर पाहिले, म्हणून ओळखीच्या कोणत्याच प्राण्यासारखे नसलेले उत्तर मिळाले.

या संदर्भात डिक्सनपूर्वीच्या एका पुस्तकाची आठवण होते. जर्मन प्राणिशास्त्रज्ञ गेरोल्फ श्टायनर यांनी १९५७ साली टोपणनावाने, नाकावर चालणाऱ्या सस्तन प्राण्यांवर एक 'शोधग्रंथ' लिहिला. ती उघड थट्टा होती. तरीही एकाच गटाचे वंशज वेगवेगळ्या बेटांवर कसे निरनिराळे होत जातात, हे तत्त्व त्या थट्टेत व्यवस्थित सांभाळलेले आहे.

शिक्षकांनी हा फरक मनावर घ्यावा असे आम्हांला वाटते. महाराष्ट्राच्या दहावीच्या २०१८ सालच्या पुस्तकात 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हे प्रकरण आहे. केंद्रीय पाठ्यपुस्तकातून मात्र दहावीचा उत्क्रांतीचा भाग २०२३ साली वगळला गेला. जेथे हा विषय शिकवला जातो तेथेही 'जिराफाला गरज होती म्हणून मान लांब झाली' अशी उत्तरे येतात. डिक्सन यांची देखणी चित्रे नुसती दाखवली, तर ही समजूत घट्टच होईल : जागा रिकामी होती, म्हणून प्राणी आला.

त्याऐवजी चित्र दाखवून तीन प्रश्न विचारावेत. याचा पूर्वज कोण व त्याच्याकडे कोणते अवयव होते? मधल्या प्रत्येक पायरीवरच्या प्राण्याला काय लाभ झाला? आणि या बदलासाठी त्याला काय सोडावे लागले? मग मुलांना घूस, पाल किंवा कावळा घेऊन एखाद्या ओसाड बेटावर त्याचे काय होईल ते लिहू द्यावे. गुण चित्राला देऊ नयेत, मधल्या पायऱ्यांना द्यावेत.

असे वाचले तर 'आफ्टर मॅन' जरूर वाचावे. त्यातल्या चुकाही शिकवण्याजोग्या आहेत, आणि त्या मुलांनी स्वतः शोधून काढल्या तर प्रकरणाचा हेतू बराचसा साध्य झाला असे समजावे.