उन्हाने मार्क कमी होतात, पण कोणत्या वाटेने?

2025 मध्ये राज्यात पहिली ते नववीच्या परीक्षा 25 एप्रिलपर्यंत लांबल्या, तेव्हा इथे देहूत पालक वैतागले होते. त्याच सुमारास मी सिनॉप्सिसमध्ये लिहिलं, ‘उष्णतेमुळे परीक्षेची भीती वाढते व गुण घटतात.’ खाली दोन पेपर जोडले. मॅडमनी विचारलं, “यातल्या कुठल्या पेपरात भीती मोजलीय?” कुठल्याच नाही.

पहिला पेपर जिसुंग पार्क यांचा, न्यूयॉर्कच्या सरकारी शाळांवरचा. पोरगं तेच, पेपर वेगवेगळ्या दिवशी, कधी थंड कधी गरम. म्हणून हुशार-कच्चा हा फरक आपोआप गळतो. गरम दिवशी कामगिरी 0.13 प्रमाण विचलनापर्यंत घसरते. वर तपासणारे शिक्षक अशा पेपरांना मार्क वाढवून देतात, हेही त्यांनी पकडलं. मला हा भाग सगळ्यात आवडला.

दुसरा गर्ग, जगनानी आणि ताराझ यांचा, 2020 चा, भारतावरचा. आदल्या वर्षी 29 अंशांवरचे 10 दिवस जास्त, तर गणितात 0.03 प्रमाण विचलनाची घट. पण त्यांचा मुख्य आधार ‘असर’च्या चाचण्या. त्या खेड्यात, मुलाच्या घरी होतात. परीक्षेचा हॉल नाही, बोर्डाचा धाक नाही. घट येते ती पिकाच्या हंगामातल्या उन्हाने, म्हणजे शेतीच्या उत्पन्नातून. रोजगार हमी जिथे आली तिथे ती कमी होते. चाकणच्या कंपनीत पगारावर असलेल्या बापाच्या मुलाला हा निष्कर्ष जसाच्या तसा लावता येत नाही. मी लावला होता.

पेपर दोन्ही चांगले आहेत, चूक माझ्या वाक्याची. नुसता ॲबस्ट्रॅक्ट वाचून सायटेशन टाकलं की असंच होतं.

भीती मोजायला गेलो तर आणखी एक गोची. परीक्षेच्या भीतीच्या प्रश्नावल्यांत छातीत धडधडणं वगैरे शारीरिक लक्षणं विचारतात. पत्र्याच्या वर्गात दुपारी बसलेल्या मुलाची छाती उन्हानेही धडधडते! म्हणजे वर्गातच प्रश्नावली भरून घेतली तर ऊन आणि भीती यांचा संबंध दिसणारच, खरा असो वा नसो.

आता प्रश्नावली आदल्या संध्याकाळी भरून घेणार आहे. थर्मामीटर बाकाच्या उंचीवर ठेवणार, कारण वेधशाळेचा आकडा सावलीतला, पत्र्याखालचा नाही. त्या एका वाक्यासाठी सिनॉप्सिस तीन महिने पुढे गेला.