रंगवेषाचा पाठ : ऐतिहासिक विमानांच्या आभासी पुनर्लेखनाची चिकित्सा

विमानाच्या अंगावरील रंग, पट्टे, बोधचिन्ह व अक्षरे यांच्या समुच्चयास इंग्रजीत ‘लिव्हरी’ अशी संज्ञा आहे. शब्द मूळचा फ्रेंच. धन्याने चाकरास दिलेला पोशाख हा त्याचा जुना अर्थ. ‘देणे, हवाली करणे’ या अर्थाच्या धातूपासून तो आला. मराठीत ‘गणवेश’ हा त्याच्या जवळचा शब्द होय. परंतु गणवेश अंगावर चढविला जातो व उतरविला जातो, तर विमानाचा रंग हाच त्याचा वेष असतो. म्हणून प्रस्तुत लेखात ‘रंगवेष’ हा शब्द योजिला आहे.

संगणकावर विमानोड्डाणाचा आभास निर्माण करणाऱ्या प्रणाली, म्हणजे फ्लाइट सिम्युलेटर, आता जुन्या झाल्या आहेत. मायक्रोसॉफ्टची या नावाची पहिली प्रणाली १९८२ साली आली. तिच्या व ‘एक्स-प्लेन’सारख्या इतर प्रणालींच्या आश्रयाने एक छंद वाढला. प्रणालीतील विमानाची आकृती तयार असते. तिच्यावर एखाद्या कंपनीचा, बहुधा लुप्त झालेला, रंगवेष हौशी मंडळी स्वतः चितारतात. तिला ते ‘रीपेंट’ म्हणतात. विद्वद्वर्गात हा उद्योग पोरखेळ समजून सोडून देण्याची प्रवृत्ती दिसते. ती योग्य नव्हे, आणि का योग्य नव्हे हे दाखविणे हाच या लेखाचा हेतू आहे.

१

मूळ वस्तू उरली नाही म्हणजे प्रतीला मूळाचे स्थान प्राप्त होते. एअर इंडियाचे पहिले बोईंग ७४७, ‘एम्परर अशोक’, १९७१ साली भारतात आले आणि १ जानेवारी १९७८ रोजी मुंबईजवळ वांद्र्यासमोरच्या समुद्रात कोसळले. विमानातील २१३ जणांपैकी कोणीही वाचले नाही. अपघातातून वाचलेली जुनी विमानेही बहुतेक मोडीत निघतात, आणि जी उरतात ती नव्या मालकाचा रंग अंगावर घेतात. जुना रंगवेष छायाचित्रांत तेवढा राहतो. मलकापुरासारख्या, विमानतळ नसलेल्या गावात वाढणाऱ्या मुलाने ते विमान उभे राहिलेले पाहिलेले नाही, पाहण्याची शक्यताही नाही. त्याला ते चहू अंगांनी फिरून दिसते ते या आभासी प्रतिकृतीत. छायाचित्र एकच बाजू दाखविते. प्रतिकृती सर्व बाजू दाखविते, आणि म्हणूनच तिच्यावर विश्वास अधिक बसतो. ज्या प्रतीवर विश्वास अधिक, तिच्यातील अपपाठ अधिक घातक.

येथे ‘अपपाठ’ हा शब्द केवळ अलंकार म्हणून वापरलेला नाही. रंगवेष हे चित्र नसून लेख आहे, असे आमचे प्रतिपादन आहे. त्यावर नाव असते, नोंदणीची अक्षरे असतात, विमानाचे स्वतंत्र नामाभिधान असते. आणि जे अक्षर नाही, ते चिन्ह म्हणून वाचले जाते. लेख म्हटला की पाठचिकित्सेचे नियम त्यास लागू होतात.

२

पाठचिकित्सेची आपल्याकडील परंपरा जुनी आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला. विसाव्या शतकात पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सित आवृत्ती १९१९ मध्ये आरंभून १९६६ मध्ये पूर्ण केली. या दोन्ही कार्यांत साक्षी जमविणे, त्यांची तुलना करणे व आपल्या पदरचे काही न घालणे ही शिस्त समान आहे.

तथापि एक भेद ध्यानी घ्यावयास हवा. महाभारताच्या संपादकास अनेक पाठांच्या मागे जाऊन शक्य तितक्या प्राचीन पाठापर्यंत पोचावयाचे होते. रंगवेषात तसा एक आद्य पाठ नसतो. प्रत्येक काळाचा रंगवेष हा आपापल्या परीने मूळच असतो. म्हणून येथे ‘मूळ कोणते?’ हा प्रश्न नसून ‘कोणत्या दिवसाचे?’ हा प्रश्न आहे.

एअर इंडियाचेच उदाहरण घेऊ. ८ जून १९४८ रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ हे लॉकहीड कॉन्स्टेलेशन विमान मुंबईहून कैरो व जिनिव्हामार्गे लंडनकडे निघाले, तेव्हा कंपनीचे नाव ‘एअर इंडिया इंटरनॅशनल’ असे होते. बोईंग ७०७ विमाने १९६० पासून आली. १९६२ साली नावातील ‘इंटरनॅशनल’ हे पद गळाले. १९७१ च्या बोईंग ७४७ वर प्रत्येक खिडकीभोवती तांबड्या रंगाची झरोक्याची महिरप आली. १९८९ मध्ये तांबड्या शेपटीवर सोनेरी चक्राचा नवा वेष ७४७ विमानांस देण्यात आला. तो टिकला नाही. जुने धनुर्धारी चिन्ह जाऊन २००७ साली कोणार्कचक्र धारण करणारा हंस आला, आणि २०२३ साली हंसही गेला. म्हणजे १९६१ चे ७०७ चितारताना ‘इंटरनॅशनल’ हे पद वगळणे हा जसा दोष, तसाच १९६५ च्या विमानावर ते ठेवणे हाही दोष. दोहोंत विमान तेच असू शकेल. पाठ निराळा आहे.

या क्षेत्रातील नित्याचा दोष म्हणजे संकर. एका छायाचित्रातून शेपटी घ्यावी, दुसऱ्यातून पट्टा, तिसऱ्यातून नाव. तिन्ही छायाचित्रे खरी, आणि त्यांतून सिद्ध होणारे विमान मात्र कधीही अस्तित्वात नसलेले. पोथ्यांच्या अभ्यासकास हा प्रकार परिचित आहे.

३

भाषाभ्यासकाच्या दृष्टीने खरा प्रश्न अक्षरांचा आहे. इंडियन एअरलाइन्सच्या विमानांवर एका अंगास कंपनीचे नाव रोमन लिपीत व दुसऱ्या अंगास देवनागरीत असे. एअर इंडियाच्या बोईंग ७४७ वरही हीच योजना होती. म्हणजे या विमानांचा लेख द्विलिपी असून तो एका दृष्टिक्षेपात कधीच पूर्ण वाचता येत नाही. एका बाजूस उभा असलेला मनुष्य त्याचा अर्धा भागच वाचतो.

आता प्रतिकृतीची रचना पाहावी. विमानाची कातडी सोलून सपाट कागदावर पसरावी, तसे तिचे चित्र एका चौकोनात मांडलेले असते. रंगारी या सपाट चित्रावर काम करतो व प्रणाली ते आकृतीवर गुंडाळते. जागा वाचविण्यासाठी काही जुन्या व साध्या प्रतिकृतींत डाव्या-उजव्या अंगांना एकच चित्र आरशातल्याप्रमाणे उलटवून लावलेले असते. पट्ट्यांपुरते हे चालते. अक्षरे मात्र एका बाजूस उलटी उमटतात. रंगाऱ्यापुढे मग दोनच मार्ग उरतात : अक्षरे गाळावीत, किंवा दोन्ही अंगांस स्वतंत्र चित्र असलेली आकृती शोधावी. युरोपीय कंपनीच्या बाबतीत दोन्ही अंगांस तेच नाव असल्याने, स्वतंत्र चित्र मिळाल्यावरही रंगारी एका अंगाची अक्षरे उचलून दुसऱ्या अंगावर ठेवतो. हीच सवय भारतीय विमानास लावली की देवनागरी अंग नाहीसे होते. कोणी ते द्वेषाने पुसत नाही; तंत्राची सोयच ते पुसते. परिणाम मात्र एकच : पुढील वाचकास वाटावे की या विमानांवर देवनागरी कधी नव्हतीच.

जेथे देवनागरी अंग राखले जाते तेथे दोन अपपाठ संभवतात. पहिला यांत्रिक आहे. देवनागरीची जोडणी न जाणणाऱ्या चित्रप्रणालीत ऱ्हस्व इकार व्यंजनाच्या आधी न बसता नंतर बसतो. ‘इंडिया’ या शब्दात नेमका तो आहे; त्यामुळे कंपनीचे नावच मोडते, आणि लिपी न जाणणाऱ्या रंगाऱ्यास ते मोडल्याचे कळत नाही.

दुसरा अपपाठ सूक्ष्म आहे, व तो लिपी जाणणाऱ्याकडूनच होतो. कंपनीने आपले नाव देवनागरीत ‘एअर इंडिया’ असे लिहिले. हिंदीत सर्वसाधारण लेखन ‘एयर’ असे होते. दोन स्वरांमध्ये य-श्रुती येणे त्या भाषेच्या प्रकृतीस धरून आहे. मराठीत आपण ‘एअर’ असेच लिहितो. हिंदी जाणणारा रंगारी हे नाव पाहून ते चुकले असे समजतो व ‘एयर’ असे सुधारतो. पोथीचा लेखकही असेच करी : अपरिचित पाठ दिसला की तो ओळखीचा करून टाकी. म्हणूनच दोन पाठांत जो अवघड तो बहुधा मूळचा, असे पाठचिकित्सेचे सूत्र आहे. रोमन नावातील ‘एअर’ आणि ‘इंडिया’ यांमधील संयोगरेषाही अशाच सुधारणेस बळी पडते.

अक्षरांच्या वळणाबद्दलही असेच म्हणता येईल. संगणकातील तयार टंक अलीकडचे असतात. महामार्गावरील ट्रकवर पेंटर जी अक्षरे काढतो, त्यांचा जाडबारीकपणा टंकाच्या अक्षरांहून वेगळा आहे हे मलकापुरातील कोणासही सांगावे लागत नाही. जुन्या विमानावरील अक्षरेही त्या विशिष्ट नावासाठी आखलेली असत. ती छायाचित्रावरून रेखाटूनच घ्यावी लागतात.

४

दोषांची चर्चा केल्यावर गुणांचीही केली पाहिजे. रंग व प्रकाश यांच्या बाबतीत या हौशी मंडळींनी मिळविलेले ज्ञान थक्क करणारे आहे. छायाचित्रात दिसणारा रंग हा उजेडासह असलेला रंग असतो. तो तसाच उचलून प्रतिकृतीवर ठेवला, तर प्रणाली स्वतःचा सूर्यप्रकाश त्यावर पुन्हा टाकते. प्रकाश दोनदा मोजला जातो. म्हणून जाणता रंगारी छायाचित्रातील छाया व चकाकी वजा करून रंगाची मूळ छटा काढतो. जुन्या रंगीत फिल्मा कालांतराने विटतात. तेव्हा चित्रातील पांढऱ्या भागाशी तुलना करून तांबडा किती ढळला ते तो ताडतो. डीसी-३ सारख्या विमानाची उघडी, घासलेली धातू कशी दाखवावी यावर तर पुष्कळ परिश्रम झाले आहेत : पूर्वी परावर्तनाचे प्रमाण चित्राच्या एका अदृश्य थरात साठवीत, आता धातूपणा व खरखरीतपणा यांची वेगळी चित्रे देतात. खिडक्यांवरून जाणारा पट्टा चित्राच्या सांध्यावर न तुटता नाकापासून शेपटीपर्यंत जावा, ही या कलेची कसोटीच मानतात. रंगाच्या छटेसाठी हे श्रम घेणाऱ्यांनी अक्षरांसाठीही घ्यावेत, एवढीच आमची अपेक्षा आहे.

५

येथे एक आक्षेप संभवतो. खेळाच्या वस्तूवर एवढा भार कशासाठी? शिवाय प्रत्यक्ष कंपन्याही जुना रंगवेष सैलपणेच वापरतात. २०१८ साली विस्ताराने एका एअरबस ए-३२० निओ विमानास टाटा एअर लाइन्सचा चाळीसच्या दशकातील वेष दिला. तो मूळचा डीसी-३ चा. यावर उत्तर असे की ते रूपांतर होते व रूपांतर म्हणूनच सादर झाले. त्यात फसवणूक नाही. फसवणूक तेथे होते जेथे रूपांतर हे प्रत म्हणून दिले जाते.

उलट बाजूने अतिरेकही संभवतो. २३ जून १९८५ रोजी आयर्लंडनजीक बॉम्बस्फोटाने नष्ट झालेल्या ‘एम्परर कनिष्क’ या विमानात ३२९ माणसे मृत्यू पावली. त्या अखेरच्या प्रवासात त्याच्या डाव्या पंखाखाली वाहतुकीसाठी पाचवे इंजिन बांधलेले होते. विमानाचे नाव व रंगवेष जतन करणे हे स्मरण आहे. पण ते पाचवे इंजिन जोडून तो विशिष्ट दिवस खेळण्यास उपलब्ध करून देणे, हे कितीही अचूक असले तरी स्मरण नव्हे. क्षेमेंद्राने औचित्य हे काव्याचे जीवित मानले. येथेही अचूकपणाच्या वर औचित्याचा अधिकार आहे.

तात्पर्य, प्रत्येक पुनर्लेखनासोबत चार गोष्टी नोंदविल्या जाव्यात : विमानाची नोंदणी-अक्षरे, ज्या काळाचा वेष दाखविला तो काळ, ज्या साक्षींवरून तो घेतला त्या साक्षी, आणि जेथे साक्ष नसल्याने तर्क करावा लागला ते स्थळ. एवढ्याने खेळ हा दस्तऐवज होतो. देवनागरी अंगाची जबाबदारी मात्र लिपी जाणणाऱ्यांनीच उचलली पाहिजे. परदेशातील रंगाऱ्यास इकार कोठे बसतो हे ठाऊक नसणे क्षम्य आहे. आपल्या विद्यार्थ्यांस ते ठाऊक असून त्यांनी गप्प बसणे क्षम्य नाही.