१:४० या अंकाची मर्यादा

हंगामी इन्फ्लुएंझाच्या लसीने किती प्रतिपिंडे उपजली, हे रक्तकण-समूहनरोध परीक्षेने मोजतात. रक्तरस चाळीस पट विरल करूनही विषाणूस रोखील, तर लस फळास आली असे मानण्याचा प्रघात आहे. १९७२ साली हॉब्सन व सहकाऱ्यांनी प्रौढ स्वयंसेवकांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांवरून हा अंक रूढ झाला, आणि तोही निम्म्याच संरक्षणाचा! लहान मुलांत तेवढ्याच संरक्षणास १:११० लागतो, असे ब्लॅक प्रभृतींनी २०११ साली दाखविले. मग मेळघाटात, धारणीच्या कुपोषित कोरकू बालकास १:४० ने ‘सुरक्षित’ ठरविणे म्हणजे बापाचा अंगरखा लेकरास घालून मापात बसला म्हणण्यासारखे होय. तेथे रक्तरसाच्या अंकाबरोबर, लस घेतलेली किती मुले त्या हंगामात तापाने पडली, हेही मोजावयास हवे.