अनुताप आणि पुनर्जीवन : मराठी ख्रिस्ती वाङ्मयातील एक धागा

मराठी वाङ्मयाच्या इतिहासग्रंथांत ख्रिस्ती लेखकांचे प्रकरण बहुधा थोडक्यात आटोपलेले असते. फादर स्टीफन्स यांच्या भाषाप्रभुत्वाबद्दल विस्मय, रेव्हरंड टिळकांच्या फुलामुलांच्या कवितांबद्दल प्रेम, लक्ष्मीबाईंच्या विनोदाबद्दल कौतुक आणि पंडिता रमाबाईंच्या विद्वत्तेबद्दल आदर, एवढे व्यक्त झाले की इतिहासकार पुढच्या प्रकरणाकडे वळतो. या चौघांनी ज्या गोष्टीसाठी लेखणी हाती धरली ती गोष्ट मात्र बाजूलाच राहते. ती गोष्ट म्हणजे मनुष्याचे पालटणे. पाप्याने परत फिरावे, परत फिरल्याचे सोंग कोणते व सत्य कोणते हे ओळखता यावे आणि अशा माणसांच्या योगाने थंडावलेली ख्रिस्तमंडळी पुन्हा सजीव व्हावी, हा या वाङ्मयाचा गाभा आहे. तो वगळून केवळ शब्दकळेची वाखाणणी करणे म्हणजे देवळाच्या खांबांवरील नक्षी पाहून गाभाऱ्यात न डोकावता परतणे होय. धर्माने आम्ही कोणीही असलो तरी समीक्षक म्हणून ही टाळाटाळ आम्हांस शोभणारी नाही.

प्रथम शब्दाचाच विचार करू. मराठी बायबलने या कल्पनेसाठी 'पश्चात्ताप' हा शब्द रूढ केला. मागाहून होणारा ताप, हा त्याचा सरळ अर्थ. नव्या करारातील मूळ ग्रीक शब्दात मात्र तापापेक्षा मनाच्या पालटण्यावर भर आहे. आणि जुन्या करारातील हिब्रू क्रियापदाचा अर्थ तर निव्वळ 'परत येणे' असा आहे, जणू वाट चुकलेला वाटसरू चूक उमगताच माघारी वळावा. म्हणजे आमच्या शब्दाने जळणे पकडले, वळणे निसटले. तथापि मराठी भाषा या बाबतीत दरिद्री होती असे मात्र नव्हे. संतांच्या वाङ्मयात 'अनुताप' हा शब्द याहून पुष्कळ भरीव अर्थाने वावरतो. एकनाथांनी 'चिरंजीवपदा'त अनुतापाची वैराग्याशी सांगड घातली आहे. तेथे तो शेवट नसून साधनेचा आरंभ आहे. तुकोबांच्या करुणापर अभंगांतील आत्मनिंदेलाही विठ्ठलाच्या पायांची दिशा आहे. ख्रिस्ती मराठी लेखकाला अनुतापाची भाषा परकी नव्हती, ती त्याच्या अंगणातच होती. तिचा त्याने काय उपयोग केला, हाच खरा वाङ्मयीन प्रश्न आहे.

ख्रिस्ती शास्त्रात दुःखादुःखांत भेद केला आहे, हेही येथे ध्यानी घेतले पाहिजे. एकाच रात्रीच्या कथेत पेत्राने गुरूला नाकारले आणि यहूदाने गुरूला विकले. दोघांनाही मागाहून ताप झाला. एक रडला आणि परत आला. दुसऱ्याने पैसे फेकले आणि गळफास घेतला. अश्रूंवरून, तळमळीवरून वा शब्दांवरून या दोहोंतील अंतर कळत नाही. पुढे काय घडले त्यावरूनच ते कळते. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने पालटलेल्या मनाला साजेशी फळे मागितली आणि योहानाच्या पहिल्या पत्राने प्रत्येक आत्म्याची पारख करावयास सांगितले, ते याचसाठी. या पारखीला मराठीत 'विवेक' याहून चांगला शब्द नाही. विवेकावाचून अनुताप हा भावनेचा पूर ठरतो आणि अनुतापावाचून विवेक कोरडा ठरतो. ही दुहेरी कसोटी लावूनच आम्ही पुढील लेखकांकडे पाहणार आहोत.

टॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यास आले आणि १६१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत, मुख्यतः साष्टी प्रांतात, राहिले. त्यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. सुमारे ११,००० ओव्यांचा हा ग्रंथ दोन पुराणांत विभागलेला आहे. पहिल्यात आदिपुरुषाच्या पतनापासून तारणाऱ्याच्या प्रतीक्षेपर्यंतची कथा येते, दुसऱ्यात ख्रिस्तचरित्र. पतन, प्रतीक्षा आणि परतणे हाच या रचनेचा आराखडा आहे. म्हणून या ग्रंथाला अनुतापाचे महाकाव्य म्हटल्यास ते वावगे होणार नाही. स्वर्गाला वैकुंठ म्हणण्याचे धैर्य स्टीफन्सनी दाखविले. मनुष्य परत फिरावयाचा तो ओळखीच्या घराकडे फिरला पाहिजे, ही जाण त्यांना होती. ओवीच्या पहिल्या तीन चरणांची घाई आणि चौथ्या आखूड चरणाचा विसावा, हीच लय पापकथनास आणि क्षमेस किती अनुकूल आहे, हे त्यांच्या दुःखसहनाच्या प्रसंगांत वाचकास जाणवते.

परंतु ग्रंथाच्या आरंभीचा एक प्रसंग आम्हांस अधिक बोलका वाटतो. नव्याने ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्रीस विचारतो की, आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी दुसरी पुराणे आम्हांस का देत नाही? स्टीफन्सनी हा प्रश्न लपविला नाही, उलट त्यालाच ग्रंथाचे निमित्त केले. या प्रश्नामागचा इतिहास गोमंतकीय वाचकास सांगावयास नको. १५६० मध्ये गोव्यात धर्मन्यायालय स्थापन झाले. १५६७ मध्ये साष्टीतील देवळे पाडली गेली. १५८३ मध्ये कुंकळ्ळी येथे पाच जेझुइट मारले गेले आणि त्याचा सूडही उगविला गेला. अशा भूमीवर बसून मनुष्याच्या पतनाची कथा सांगणारा कवी विजेत्यांच्या पतनाविषयी मौन पाळतो. ऐकणाऱ्याकडे अनुताप मागितला जातो. सांगणाऱ्या संस्थेला तो लागू होत नाही. हा दोष स्टीफन्सच्या हृदयाचा नव्हे, त्यांच्या स्थानाचा आहे, असे म्हणणे न्यायाचे होईल; पण तो दोष आहे, हे म्हटल्यावाचून राहणे अन्यायाचे होईल. 'ख्रिस्तपुराणा'ची भाषिक थोरवी गाणारे आमचे बहुतेक लेख येथे गप्प बसतात, आणि ग्रंथावर राग धरणारे लेख त्यातील काव्य वाचीतच नाहीत. दोन्ही पक्ष एकच चूक करतात : पुराण ते वाचतात, परंतु त्या ब्राह्मणाचा प्रश्न ऐकत नाहीत.

यानंतर आम्ही जवळजवळ तीन शतके ओलांडून केडगावी येतो. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात झाला. पण १९०७ मध्ये इंग्रजीत लिहिलेल्या आत्मनिवेदनात त्यांनी स्वतःविषयी जे सांगितले आहे ते विलक्षण आहे. त्यांचे म्हणणे असे की, आरंभी आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. तो सापडावयास आणखी आठ वर्षे गेली. ज्या स्त्रीने एका निर्णयासाठी सारा महाराष्ट्र अंगावर घेतला तिनेच त्या निर्णयाला अपुरे ठरवावे, याला आम्ही विवेक म्हणतो. आपल्या मतांतराचे समर्थन करीत बसणे किती सोपे होते!

१९०५ च्या जून महिन्यात केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये जे पुनर्जागरण झाले त्याची बीजे वेल्समधील त्या वेळच्या जागृतीच्या वार्तांत होती, हे खरे. परंतु त्यात रडणाऱ्या, मोठ्याने पापे कबूल करणाऱ्या, रात्र रात्र प्रार्थना करणाऱ्या मुली येथल्याच होत्या. त्यांतील कित्येक दुष्काळाच्या तोंडातून वाचविलेल्या होत्या. हा आक्रोश पाहून काहींनी नाके मुरडली. रमाबाईंनी त्याला पाश्चात्त्य उपासनेच्या शिस्तीत कोंबण्याचे नाकारले. आणि त्याच वेळी अद्भुत चिन्हांना, अनोळखी भाषांत बोलण्याला, आत्म्याचा एकमेव पुरावा मानण्याचेही नाकारले. पालटलेले वर्तन आणि प्रेम हीच त्यांची कसोटी होती. भावनेला वाट द्यावी पण तिला न्यायासनावर बसवू नये, ही मर्यादा त्यांनी सांभाळली. केडगावच्या मुली टोळ्याटोळ्यांनी आसपासच्या खेड्यांत उपदेशास निघाल्या, तेव्हा त्या अश्रूंना फळ आले, असे म्हणता येते.

रमाबाईंच्या बायबल भाषांतराचा विचारही याच दृष्टीने केला पाहिजे. हिब्रू व ग्रीक मुळांवरून केलेले हे काम त्यांनी १९२२ मध्ये मृत्यूच्या अगदी अलीकडे पुरे केले. अल्पशिक्षित स्त्रीला कळावे म्हणून त्यांनी भाषा साधी ठेविली आणि वेदान्ताचा वास येणारे शब्द कटाक्षाने दूर सारले. स्टीफन्सनी वैकुंठ स्वीकारले, रमाबाईंनी तसले शब्द वर्ज्य केले. परदेशी पाद्री जवळ येण्यासाठी संस्कृत परंपरेकडे झुकतो आणि त्या परंपरेत पुराणे सांगत वाढलेली पंडिता तिच्यापासून दूर होते, हा विरोध वरवर पाहता चमत्कारिक आहे. पण परतणे म्हणजे जुने घर की नवे घर, या प्रश्नाची ती दोन प्रामाणिक उत्तरे आहेत. वाङ्मय म्हणून पाहता या त्यागाची किंमत रमाबाईंच्या गद्याने मोजली आहे. ते अनेक ठिकाणी रुक्ष झाले आहे, हेही आम्ही नमूद करतो.

नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असे ते म्हणत. त्यांच्या 'अभंगांजली'त अनुतापाचा सूर जागोजाग आहे. मात्र काही अभंगांत तुकोबांचा घाट इतका प्रबळ होतो की टिळकांचे स्वतःचे जळणे ऐकू येत नाही. त्यांचा खरा अनुताप आम्हांस १९१७ च्या कृतीत दिसतो. मिशनचे वेतन सोडून, संन्यासी होऊन त्यांनी साताऱ्यास 'देवाचा दरबार' मांडला, आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांना सारखेच बोलाविले. परक्या पैशावर व परक्या अधिकारावर जगणारी मंडळी आतून पंगू होते, हे त्यांचे निदान होते. येथे प्रथमच अनुताप व्यक्तीपुरता न राहता मंडळीकडे वळतो. प्रकटीकरणाच्या ग्रंथात इफिससच्या मंडळीला पहिले प्रेम सोडल्याचा आणि लाओदिकीयाच्या मंडळीला कोमट झाल्याचा ठपका दिला आहे. पश्चात्तापाची हाक तेथे परधर्मीयांना नसून मंडळीलाच आहे. टिळकांनी ही हाक मराठीत आणली. १९१९ मध्ये त्यांचे निधन झाले आणि दरबार फार काळ टिकला नाही. पण विचार अपयशी झाला असे त्यावरून ठरत नाही.

आणि तरीही मनःपरिवर्तनाचे मराठीतील सर्वोत्तम चित्र आमच्या मते ना ओवीत आहे ना अभंगात. ते लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'त आहे. सोवळ्याओवळ्यात मुरलेली ही बाई एके दिवशी स्वतःशीच विचार करते की, पशुपक्ष्यांतील भेद देवाने केले हे दिसते, पण माणसामाणसांतील जाती देवाने केल्या की माणसाने? उत्तर सापडताच ती ते आचरणात आणते. अश्रू नाहीत, आकाशवाणी नाही, 'पश्चात्ताप' हा शब्दही लागत नाही. विचार पालटला, हात पालटले, चूल पालटली. ग्रीक शब्दाचा अर्थ ज्याला विद्यार्थ्यांस समजावून द्यावयाचा आहे त्या शिक्षकाने हे पान वाचून दाखवावे. जी सुधारणा मंडळीने सभांत मांडली, ती या बाईने स्वयंपाकघरात करून दाखविली. आणि आपल्या आधीच्या हट्टाला हसतही दाखविली. स्वतःवर हसता येणे ही अनुतापाची फार मोठी खूण आहे. तिच्यात आत्मसमर्थन उरत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. स्टीफन्सच्या ब्राह्मणाने विचारलेल्या प्रश्नाचे दुसरे अंग असे आहे की, ज्याने पुराणे बंद केली त्याने कधी परत फिरावे? १२ मार्च २००० रोजी रोम येथे पोप दुसरे जॉन पॉल यांनी सत्याच्या नावाने बळ वापरल्याबद्दल व इतर जनांची संस्कृती तुडविल्याबद्दल देवापाशी क्षमा मागितली. ती पुरेशी होती की नव्हती यावर मतभेद राहतील. आम्हांस एवढेच म्हणावयाचे आहे की संस्थेनेही गुडघे टेकता येतात, आणि तिने ते टेकले तर तिच्या जुन्या ग्रंथांचा अर्थ बदलतो. 'ख्रिस्तपुराण' आज वाचताना त्यातील पतनकथा केवळ साष्टीच्या नवख्रिस्त्याची राहत नाही. ती राज्यकर्त्याची व उपदेशकाचीही होते. कवीने जे म्हटले नाही ते त्याचे काव्य म्हणू लागते.

हा न्याय एका धर्मसमाजापुरता ठेवण्याचेही कारण नाही. लक्ष्मीबाईंनी जो प्रश्न स्वतःला विचारला तो हिंदू असताना विचारला होता, आणि जातिभेद ख्रिस्तमंडळीतही शिल्लक राहिला हे गोव्यात कोणास ठाऊक नाही? इतरांच्या पापांची यादी करण्यात मराठी लेखणी कधी कमी पडलेली नाही. आपल्या पक्षाच्या पापाचे नाव आपणच घेणारी पाने मात्र थोडी आहेत, आणि त्या थोड्यांत या चौघांपैकी तिघांची आहेत.

म्हणून आमची अध्यापकांस एक नम्र सूचना आहे. 'ख्रिस्तपुराणा'चा तो आरंभीचा प्रसंग, तुकोबांचे करुणापर अभंग, टिळकांचे अभंग आणि 'स्मृतिचित्रे'तील ते पान ही चार ठिकाणे वर्गात एकत्र वाचावीत; अंमळ धीराने वाचावीत. भाषेचा नमुना म्हणून त्यांची टिपणे काढावयास वेळ पुढे आहेच. प्रथम विद्यार्थ्यांस एवढेच विचारावे की, यांपैकी कोण केवळ जळतो आहे आणि कोण वळतो आहे? उत्तरांवर वाद होईल. तो वाद होऊ द्यावा.