सुचणे आणि रचणे

कलावंताला जे सुचते ते श्रेष्ठ, की तो जे रचतो ते, हा वाद आपल्याकडे पुष्कळ रंगतो. सनी रॉलिन्स या अमेरिकन सॅक्सोफोनवादकाची ‘सॅक्सोफोन कोलोसस’ ही ध्वनिमुद्रिका ऐकताना तो वादच फोल वाटू लागतो. २२ जून १९५६ रोजी न्यू जर्सीतील हॅकेनसॅक येथे, रूडी व्हॅन गेल्डरने आपल्या आईवडिलांच्या घरातील दिवाणखान्यात थाटलेल्या स्टुडिओत ती मुद्रित झाली. २५ वर्षांच्या रॉलिन्सच्या साथीला टॉमी फ्लॅनगन पियानोवर, डग वॉटकिन्स बासवर आणि मॅक्स रोच ड्रम्सवर होते.

मुद्रिकेतील पाच रचनांपैकी ‘सेंट टॉमस’ सर्वांत लोकप्रिय. रॉलिन्सने लहानपणी आईकडून ऐकलेली ही कॅलिप्सोची चाल. तिच्यावरील विस्तार तो दोनच स्वरांनी सुरू करतो आणि रस्त्यातला खडा पायाने लोटीत जाणाऱ्या मुलासारखा त्या दोन स्वरांशी खेळत राहतो.

खरी कसोटी लागते ती ‘ब्लू सेव्हन’मध्ये. ही रचना सुमारे ११ मिनिटांची. प्रथम वॉटकिन्सचा बास एकटाच चालू लागतो. त्यावर रॉलिन्स जी चाल मांडतो, तिचा आधारस्वर कोणता हेच चटकन कळू नये अशी तिची ठेवण आहे. पुढे तो अलंकारांच्या मागे धावत नाही. त्याच चालीचे तुकडे घेतो, मोडतो, पुन्हा सांधतो. मध्ये विराम सोडतो. रोचचे स्वतंत्र वादनही मोजक्याच आकृतींवर उभे आहे. १९५८ साली गुंथर शूलरने ‘द जॅझ रिव्ह्यू’मध्ये या वादनाची बारकाईने फोड करून त्यातला एकसंध घाट दाखवून दिला. प्रशंसेचाच लेख तो. पण तो वाचून रॉलिन्स सुखावण्याऐवजी अवघडला.

हे अवघडणे समजण्याजोगे आहे. शूलरचे निरीक्षण खरेच आहे. परंतु कागदावर उतरलेला घाट आधी आखलेला वाटतो. वस्तुतः ऐकताना प्रत्यय येतो तो निराळा. प्रत्येक विरामात पुढची वाट मोकळी असते, आणि हाताशी असते ते केवळ नुकतेच वाजवून झालेले. ते न विसरता पुढे जाणे, हीच येथे रचना; आणि त्यातूनच पुढचे सुचते. टीकाकाराने पायवाट जरूर दाखवावी. मात्र कोणी चालून गेल्यावरच ती उमटली आहे, याचे भान सोडू नये.